नऊ पिल्लांचं लोह

माझ्या सासूबाईंना मी ऑफिसात काय तपासते ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही, आणि ते मीच कळू दिलं नाही. "जनावरांचं रक्त तपासते," एवढंच सांगत असे. जनावर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे गाय यायची, आणि ती तिथेच उभी राहिलेली आम्हा दोघींच्या सोयीची होती. सरकारी कागदावर 'वराह' लिहितात. वराह म्हटलं की एकदम अवतारच घेतल्यासारखं वाटतं. शेडवर मात्र सगळे डुक्करच म्हणतात आणि मीही म्हणते. नागपूरच्या एका पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढल्यावर त्या शब्दाची लाज वाटेनाशी झाली आहे.

स्वभावाने मी तापट. माझं माहेर विणकरांचं. वडील मागावर बसत. धागा तुटला की कुठे तुटला ते सापडेपर्यंत ते पाणीसुद्धा पीत नसत. ती खोड मला लागली, त्यांचा शांतपणा काही लागला नाही. प्रयोगशाळेत माझी ख्याती अशी की मॅडमचा आकडा चुकत नाही आणि मॅडमच्या तोंडाला लागू नये. दोन्ही गोष्टींचा मला अभिमान होता. आता पहिल्या गोष्टीचा थोडा उरलाय.

त्या हिवाळ्यात आम्ही फेरिटिन तपासत होतो. शरीर लोह साठवून ठेवतं ते या प्रथिनात. आपण तांदूळ डब्यात भरून ठेवतो तसा हा लोहाचा डबा. रक्तात फेरिटिन किती हे मोजलं की डबा भरलेला आहे की तळ दिसतोय ते समजतं. डुकराच्या पिल्लाचा डबा जन्मतःच जवळजवळ रिकामा असतो. आईच्या दुधात लोह नावापुरतं. रानातलं पिल्लू माती उकरतं, त्याला मातीतून लोह मिळतं. आपण त्याला धुतलेल्या सिमेंटवर वाढवतो, मग ते पांढरं पडतं, धापा टाकतं, कधी मरतंही. म्हणून तिसऱ्या दिवशी त्याला लोहाचं इंजेक्शन द्यायचं असतं. इंजेक्शननंतर साठा किती वाढतो, एवढाच आमच्या सरांचा अभ्यास होता. सर म्हणजे विभागाचे प्रमुख. बोलायला कमी, शिस्तीला कडक, आणि माझ्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवणारे.

डुकरांची शेड हिंगण्याच्या वाटेवर, शहर संपतं तिथे. तिथलं सगळं मामा पाहत. आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणायचो. साठीला आलेले, अंगाने सुकलेले, कंत्राटदाराकडून लागलेले. एकोणीस वर्षं त्याच शेडवर होते. खाणं, धुणं, बाळंतपणं आणि इंजेक्शनं, सगळं त्यांच्याकडे. डॉक्टरांपेक्षा त्यांचा हात हलका होता, हे डॉक्टरच सांगत. पिल्लू ओरडायच्या आत सुई बाहेर आलेली असे. प्रत्येक खणाच्या दाराला एक पाटी टांगलेली होती, त्यावर ते खडूने काय केलं, काय करायचं ते दोन-दोन शब्दांत लिहीत. रजिस्टरही होतं, पण ते महिन्याच्या शेवटी पाटीवरून आणि आठवणीवरून भरलं जाई. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

अभ्यासासाठी चार माद्यांची पिल्लं घेतली होती. तिघींच्या पिल्लांना तिसऱ्या दिवशी लोह मिळालं. चौथीच्या नऊ पिल्लांना हगवण लागली. ढिल्या पिल्लांना सुई नको म्हणून मामांनी थांबायचं ठरवलं, ते सरांना विचारूनच. "बरी झाली की द्या, तारीख मॅडमच्या फॉर्मात येऊ द्या," असं सर म्हणाले होते.

दहाव्या दिवशी, एका सोमवारी, आम्ही चारही खणांतल्या पिल्लांचं रक्त घेतलं. सरांनी रक्त काढलं, झाडलोट करणाऱ्या मावशींनी पिल्लं धरली, मी नळ्यांवर नंबर घातले. सर त्यांच्या मीटिंगला निघून गेले. मागे राहिले मी, बर्फाचा डबा आणि फॉर्म. फॉर्मात एक चौकोन होता, लोह दिल्याची तारीख. तीन खणांची माझ्याकडे होती. चौथ्याची हवी होती. मामा पन्नास पावलांवर मागच्या शेडमध्ये फरशी धूत होते, पाइपाचा आवाज येत होता. हाक मारली असती तर ओ दिली असती. पण पाटी समोर होती, अकरा वाजले होते, बर्फ वितळत होता. मी पाटी वाचली आणि चौकोनात शनिवारची तारीख लिहिली.

एवढंच केलं मी. पाच सेकंदांचं काम.

प्लेट लावायला पुढचा आठवडा उजाडला. या तपासणीत शहाण्णव बारीक खळग्यांची एक प्लास्टिकची प्लेट असते. प्रत्येक खळग्यात एकेका पिल्लाचं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी, घालायचं. शेवटी रंगाचा द्रव टाकला की ज्याच्यात फेरिटिन जास्त तो खळगा गडद निळा होतो, कमी असेल तर पाण्यासारखा राहतो. तीन खणांची पिल्लं छान निळी आली. चौथ्या खणाची नऊच्या नऊ फिकट. एकाही खळग्यात म्हणावा असा रंग नाही. मी तपासणी परत केली. पुन्हा तेच.

"रक्त घ्यायच्या दोन दिवस आधी लोह दिलं असेल तर थोडा तरी आकडा चढायला हवा होता," सर कागद पाहत म्हणाले. "तुमची खात्री आहे?"

"प्लेट दोनदा लावली सर. माझी प्लेट चुकत नाही."

मग सरांनी शेडवरच्या कपाटातली लोहाची बाटली मागवली. बाटली रिकामी होती. म्हणजे औषध संपलंय, आणि पिल्लांच्या अंगात नाही. त्या भागात घरगुती डुकरं पाळणारे पुष्कळ आहेत. सर काही बोलले नाहीत. बोलले मी. "कुणाच्या तरी डुकरांचं भलं झालं असेल," असं मी म्हणाले, आणि ऑफिसात चारजण हसले.

गुरुवारी मामांना बोलावलं. ते धुतलेला शर्ट घालून आले होते आणि दारात चपला काढून उभे राहिले. सरांनी बसा म्हटलं, ते बसले नाहीत.

"त्या नऊ पिल्लांना लोह दिलं होतं?"

"दिलं जी."

"केव्हा?"

"पिल्लं बरी झाली तवा जी."

"वार सांगा."

मामांनी बराच वेळ विचार केला. "वार तं ध्यानात नाई सायेब. तुम्ही रक्त नेलं, त्याच्या नंतर असन."

मला हे ऐकून संतापच आला. "नंतर कसं मामा? पाटीवर तुम्हीच लिहिलं होतं ना, शनिवारी दिलं म्हणून? मी बघून फॉर्म भरलाय. हा पाहा."

फॉर्म मी त्यांच्यापुढे धरला. पाटी तर केव्हाच पुसली गेली होती. मामांनी फॉर्म हातात घेतला नाही, नुसता लांबून पाहिला.

"शनिवार लिहेल होतं काय मी?"

"मग मी काय खोटं लिहीन?"

"नाई नाई मॅडम. तुम्ही काहून खोटं लिहान? तुमचं तं समदं लिहेल असते." ते सरांकडे वळले. "मंग शनिवारीच दिलं असन जी."

"शनिवारी दिलं असतं तर रक्तात दिसलं असतं," सर म्हणाले. "दिसत नाहीये. आणि बाटली रिकामी आहे. औषध गेलं कुठे?"

मामांच्या चेहऱ्यावर मला चोरी दिसेल असं वाटलं होतं. तिथे ती नव्हती. हिशेब चुकलेला माणूस बोटं मोजतो तसे त्यांचे ओठ हलत होते. रक्त नेल्यावर दिलं म्हणावं तर मॅडमचा कागद आडवा येतो. शनिवारी दिलं म्हणावं तर मॅडमची प्लेट आडवी येते. दोन्ही गोष्टी माझ्याच.

"मंग राह्यलं असन जी," ते शेवटी म्हणाले. "माह्याच्यानं राह्यलंच असन."

सरांनी त्याला कबुली मानलं. मीही मानलं. उद्यापासून येऊ नका, असं सर त्यांना म्हणाले. कंत्राटदाराला काय कळवायचं ते नऊ पिल्लांना लोह देऊन झालं की एकदमच कळवू, असं ठरलं. औषध चोरलं म्हणून नाव लागलं तर हिंगण्यापासून कामठीपर्यंत कुठल्याही शेडवर, डेअरीवर मामांना कुणी उभं करणार नव्हतं. हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. मामा नमस्कार करून गेले. चपला हातात घेऊन व्हरांड्याच्या टोकापर्यंत अनवाणी गेले, तिथे त्या घातल्या.

नवी बाटली यायला मंगळवार उजाडला. मधले पाच दिवस मी फार सभ्य वागले. कुणावर ओरडले नाही. घरी यजमानांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, मला काय झालंय! खरं म्हणजे मामांचे ते हलणारे ओठ डोळ्यांपुढून जात नव्हते. चोर असा गोंधळत नाही. चोराजवळ वार तयार असतो.

मंगळवारी सकाळी सर आणि मी शेडवर पोचलो. मामांच्या जागी कुणीच नव्हतं, मावशीच सगळं ओढत होत्या. सरांनी नवी बाटली फोडून सिरिंज भरली. मावशींनी पहिलं पिल्लू उचललं आणि उन्हाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पिल्लाचे कान उन्हात आले.

कान गुलाबी होते.

लोह नसलेल्या पिल्लाचे कान उन्हात धरले की पतंगाच्या कागदासारखे पांढरे दिसतात. ही पिल्लं आता जवळजवळ चार आठवड्यांची झाली होती. दाणा अजून लावलेला नव्हता, आईच्या दुधावरच होती. लोह यायचं तर सुईतूनच आलं असणार. मी खणात डोकावले. उरलेली आठ एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. एकही धापा टाकत नव्हतं.

"पाहून काय राह्यली वं बाई?" मावशी म्हणाल्या. "हे काय बिमार दिसते काय? दूध पिऊन पिऊन पैलवान झाले समदे."

सर सुई घेऊन पुढे आले. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगते, लपवत नाही. ही सुई एकदा आत गेली की संपलं. नवं लोह आणि जुनं लोह कुणालाही वेगळं करता येणार नाही. मामांनी दिलं होतं की नव्हतं हे मग जगातली कुठलीही प्लेट सांगू शकणार नाही. माझा आकडा खरा राहील. माझा कागद खरा राहील. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं मला आयुष्यात जमलेलं नाही, ते त्या दिवशी मात्र फार सोपं वाटलं.

सुई पिल्लाच्या मानेजवळ गेली.

"सर, थांबा."

"काय झालं?"

"आधी रक्त घेऊ. या पिल्लांना लोह मिळालेलं दिसतंय. वरून पुन्हा दिलं तर बाधेलही."

सरांनी पिल्लाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही मिळालं, हे तुम्हीच सांगितलंय. दोनदा."

"तेच तिसऱ्यांदा बघते."

"किटमध्ये किती खळगे उरलेत?"

"पुरतील. पण एकदाच."

सरांना हे आवडलं नाही. त्यांच्या कानशिलाची शीर उडत होती. तरी त्यांनी सिरिंज झाकली आणि रक्ताच्या नळ्या मागितल्या. "पाच वाजेपर्यंत," ते म्हणाले. "खरंच लोह नसेल तर ही पिल्लं मी उद्यावर ठेवणार नाही. पाच वाजता परत येऊन सुई देणार."

पिल्लांच्या नऊ नळ्या मी मांडीवर धरून आणल्या. वाटेत कंपन्यांच्या बसेस समोरून येत होत्या आणि सरांनी प्रत्येक बसला हॉर्न मारला, एरवी ते हॉर्नला हात लावत नाहीत.

साडेअकराला सिरम वेगळं झालं. साडेबाराला ते खळग्यांत गेलं. प्रत्येक पिल्लाचे दोन खळगे, शेजारी ठरलेल्या मापाचे नमुने. एक खळगा चुकला तर बदली नाही. त्या दिवशी मी डाव्या हाताने उजवं मनगट धरून सिरम सोडलं. मग थांबा. मग धुवा. मग दुसरा द्रव, पुन्हा थांबा, पुन्हा धुवा. जेवणाचा डबा उघडलाच नाही.

सव्वाचारला रंगाचा द्रव टाकला आणि प्लेट अंधारात, ड्रॉवरमध्ये ठेवली. पंधरा मिनिटं. या पंधरा मिनिटांत ड्रॉवर उघडायचा नसतो. मी स्टुलावर बसून घड्याळ पाहत होते आणि मला काय हवंय ते मला स्वच्छ कळत होतं. खळगे पांढरे यावेत असं वाटत होतं. मामा चोर निघावेत असं वाटत होतं. एका गरीब माणसाचं एकोणीस वर्षांचं नाव जावं, पण माझा शनिवार खोटा ठरू नये, अशी माझी इच्छा होती. मला स्वतःची किळस आली, तरी इच्छा गेली नाही.

सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी ड्रॉवर उघडला.

नऊ पिल्लं, अठरा खळगे. अठराही शाईसारखे निळे.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर चोर कुणी नव्हताच. मी रंग तिथेच थांबवणारं शेवटचं आम्ल टाकलं, निळ्याचं पिवळं झालं, मशीनने आकडे छापले. डबे भरलेले होते. नऊच्या नऊ.

"म्हणजे दिलं होतं," सर म्हणाले.

"दिलं होतं सर."

"मग त्या सोमवारच्या रक्तात का नव्हतं? शनिवारी दिलेलं..."

"तीही प्लेट बरोबर होती."

"दोन्ही कशा बरोबर?" त्यांचा आवाज चढला. असा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. "मॅडम, पाटीवर नेमकं काय लिहिलं होतं? शब्द सांगा. शनिवार असं लिहिलं होतं?"

"हो, शनि..." मी म्हणाले आणि थांबले. डोळे मिटून पाटी आठवली. हिरवट पडलेली पाटी, कोपरा तुटलेला, मामांचं मोठं, वाकडं अक्षर. शनिवार हा शब्द तिथे नव्हता. तो कधीच नव्हता. तो माझ्या फॉर्मात होता आणि फॉर्म इतक्यांदा वाचून मी तो पाटीवर नेऊन चिकटवला होता.

"दोन शब्द होते," मी म्हणाले. "'लोह परवा'."

सरांनी अगदी हळू विचारलं.

"कोणता परवा?"

सोमवारी सकाळी लिहिलेला परवा. झालेला परवा म्हणजे शनिवार. येणारा परवा म्हणजे बुधवार. आपल्याकडे दोघांना एकच शब्द आहे, आणि जन्मभर मी तो दोन्हीकडे वापरत आले. बोलताना कधी अडत नाही, कारण पुढे 'आलो' किंवा 'येतो' असतं. मामांच्या पाटीवर पुढे काही नव्हतं. पिल्लं बरी होत आली होती, अजून दोन दिवस जाऊ द्यावे आणि मग सुई द्यावी, म्हणून त्यांनी स्वतःच्या आठवणीसाठी ते लिहून ठेवलं होतं. रक्त आम्ही सोमवारी नेलं. त्यांनी बुधवारी सुई दिली, नऊ पिल्लांना, बाटली संपेपर्यंत. विचारलं तेव्हा पहिल्या झटक्यात त्यांनी खरं तेच सांगितलं होतं, तुम्ही रक्त नेलं त्याच्या नंतर असन म्हणून. ते खोडून काढलं मी.

"त्यांनी कबूल का केलं मग?" सर म्हणाले.

"मी लिहून ठेवलं होतं म्हणून," मी म्हणाले. मला रडू आलं आणि मी सरांपुढेच रडले.

सरांनी मला कोरा कागद दिला. घडलं ते मी माझ्या हाताने लिहून दिलं, खाली सही केली. मामा उद्यापासून कामावर येतील असा सरांनी कंत्राटदाराला फोन केला. फोन ठेवून ते म्हणाले, "रिकामी बाटली मीही पाहिली होती. देऊन झालं की बाटली रिकामीच होते, हे मलाही सुचलं नाही." एवढं बोलून ते निघून गेले. मावशींना फोन करून, पिल्लांना आता सुई द्यायची नाही, हे मीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या आधी मी मामांच्या घरी गेले. शेडपासून पुढे एक वस्ती आहे, तिथे पत्र्याचं छप्पर असलेलं दोन खोल्यांचं घर. वाटेत वाक्य जुळवत होते. माफी मागायची सवय नाही, त्यामुळे जुळत नव्हतं. मामी अंगणात सुपात तांदूळ पाखडत होत्या. मामा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. मला पाहून ते धडपडत उठले.

"मॅडम? काहून आल्या जी? पिल्लं बरी हायेत ना?"

"बरी आहेत. मामा, तुमची काही चूक नव्हती. काल पुन्हा रक्त तपासलं. लोह आहे. तुम्ही सुई दिली होती. पाटी मी चुकीची वाचली. तुम्ही लिहिला तो पुढचा परवा होता, मी मागचा धरला. आजपासून कामावर या. सरांनी फोन केलाय."

जुळवलेलं काहीच कामी आलं नाही, हे असं एका दमात बाहेर पडलं. मला वाटलं ते चिडतील, निदान काम मिळालं म्हणून हात जोडतील. ते तसेच उभे राहिले.

"मी दिलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नऊच्या नऊले?"

"नऊच्या नऊ. एकही राहिलं नव्हतं."

मामा खाली बसले. ओट्यावर हात टेकून, सावकाश. मग मामींकडे वळून म्हणाले, "आइकलं काय वं? मी भुललो नव्हतो." पुढे मला म्हणाले, "कामाचं जाऊ द्या मॅडम, ते भेटते नाई तं नाई. माह्या मोठ्या भावाचं असंच झालं होतं. पह्यले सुई-दवाई भुलला, मंग रस्ता भुलला, मंग आमाले बी भुलला. मले वाटलं माहं बी सुरू झालं. तुमच्या कागदात लिहेल होतं ना. मी तं दिलं असंच आठवून राह्यलो होतो, पण कागदात शनिवार होता अन् रक्तात लोह नव्हतं."

मी म्हणाले, "मामा, माझं चुकलं." हे एवढंच नीट म्हणता आलं.

मामांनी मान हलवली, पण मामी उठून माझ्यासमोर आल्या. सूप तसंच हातात होतं. त्यांचा आवाज वर गेला नाही, तो वर गेला असता तर मला सोसलं असतं.

"बाई, चाळीस वर्सं झाली लग्नाले. याईनं माहं नाव कधी तोंडानं घेतलं नाई, आमच्यात घेत नाई. पाच दिवस झाले, रोज सकाळी उठले का मले समोर बसवते अन् माहं नाव घेऊन पाह्यते. आठवते का नाई म्हणून."